बाईसाहेबांचा झगा

१

भिंगरीला बाहुलीचा केक हवा होता आणि तसा केक भाजायचं भांडं घरात नव्हतं. एवढ्याशा गोष्टीवरून सगळं सुरू झालं.

बाहुलीचा केक म्हणजे मधोमध कमरेपर्यंत दिसणारी बाहुली आणि कमरेखाली केकचाच फुगीर, घोळदार झगा. त्याच्यासाठी घंटेसारखं एक खास भांडं मिळतं. ते आणायचं भिंगरीच्या आईने कबूल केलं होतं. पण परगावी भिंगरीची आजी अचानक आजारी पडली आणि आई तिच्या उशाशी जाऊन बसली. तिथून तिने नणंदेला फोन केला.

"ताई, बाकी काही नाही झालं तरी चालेल, पण केकचं तेवढं बघाल ना? शब्द दिलाय मी तिला."

"बघते की. त्यात काय एवढं," आत्या म्हणाली. म्हणून तर गेली, पण तिने जन्मात दोन-चारच केक केले असतील, आणि त्यातल्या एकाची आठवण तिचा भाऊ अजून चारचौघांत काढत असे. आत्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. 'हलू नका, श्वास रोखा' हे दिवसभर लोकांना सांगून सांगून तिचा स्वभावही तसाच झाला होता. काही झालं की आधी थांबायचं, नीट बघायचं, आणि साधं कारण सापडेपर्यंत घाबरायचं नाही.

वाढदिवसाच्या सकाळी तिने घरातली झाडून सगळी भांडी ओट्यावर मांडली. पातेली सरळ भिंतींची, परात पसरट. शेवटी पीठ भिजवायचं स्टीलचं खोल, गोल बुडाचं भांडं तिला पसंत पडलं. पालथं घातलं की थेट झगा. उंची थोडी कमी पडत होती. त्यासाठी खाली साध्या गोल केकचे थर द्यायचं ठरलं.

"आणि बाहुली?" भावाने दारातून विचारलं. त्याला टक्कल पडायला आलं होतं, तरी आत्या त्याला बाळ्याच म्हणायची. "दुकानातून नवी आणू?"

"नवी कशाला?" भिंगरी बापाच्या पायांमधून आत घुसली. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून हे नाव. नव्या सँडलने टाच सोलली होती, त्यावर आत्याने नुकतीच चंद्राचं चित्र असलेली चिकटपट्टी लावून दिली होती; तरी पोरगी त्याच टाचेवर गिरक्या घेत होती. "बाईसाहेब आहेत ना!"

बाईसाहेब म्हणजे तिची बाहुली. एका बाजूचे केस कापलेले, एक भुवई जरा वर; समोरच्याचं काम फारसं पसंत न पडल्यासारखा चेहरा. त्यांचा एक पाय बसमध्ये राहिला होता आणि दुसरा कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कमरेखाली नुसताच रिकामा फ्रॉक लोंबायचा.

"अगं, तिला पायच नाहीत," बाळ्या म्हणाला.

"म्हणून तर बरी," आत्या म्हणाली. "पायांची बाहुली असती तर पार तळापर्यंत भोक पाडावं लागलं असतं, केक ढासळला असता. हिला बोटभर खळगा पुरे."

भिंगरी गिरकी घेता घेता थांबली. "मग त्या उभ्या कशावर राहणार?"

"केकवर."

"केकवर नाही काही. पायांवर राहतात उभं."

"झग्याच्या आत कोण बघतंय पाय आहेत का नाहीत ते!"

"त्या बघतील ना," भिंगरी म्हणाली.

२

लोणी आणि साखर फेसायला घेतली तेव्हा भिंगरी ओट्यावर चढून बसली. मांडीवर बाईसाहेब, हातात चाटायला चमचा. दोघींची कुजबुज चालली होती. आत्याने भांड्याला आतून लोणी चोळलं, वर कोरडं पीठ भुरभुरवलं, उलटं करून ठोकलं. आच मंद ठेवायची हे ती स्वतःलाच बजावत होती. खोल भांड्यात केकच्या कडा करपतात आणि पोट कच्चं राहतं.

"आत्या, मी बाईसाहेबांना माझे पाय दिले."

"हो का?"

"वाढदिवसापुरतेच. मला किती वर्षं झाली पाय असून! त्यांना एकदाच हवेत."

"बरं केलंस. तेवढीच घरात शांतता," आत्या म्हणाली आणि मिश्रण भांड्यात ओतलं.

केक भाजायला अपेक्षेपेक्षा फार वेळ लागला. विणकामाची सुई खुपसून ती पुनःपुन्हा बघत होती. मधे कच्चं, अजून कच्चं, आणि मग एकदाची सुई कोरडी निघाली. घरभर व्हॅनिलाचा वास पसरला. भांडं गार होऊ देऊन तिने ते ताटात पालथं घातलं, बुडावर थाप मारली, आणि केक असा अलगद सुटून आला की तिने स्वतःचीच पाठ थोपटली असती.

मग तिला ते भोक दिसलं.

झग्याच्या माथ्यावर, जिथे ती आता चमच्याने खळगा करणार होती नेमकं तिथे, एक गोल भोक आधीच पडलेलं होतं. सुईचं नव्हतं, सुई तिने दुसऱ्या बाजूने खुपसली होती. आणि ही तर भांड्याच्या बुडाला चिकटलेली बाजू. भोकाच्या कडा गुळगुळीत होत्या, भाजून बदामी झालेल्या.

'हवा,' आत्याने मनात म्हटलं. 'मिश्रण ओतताना हवेचा बुडबुडा अडकला असणार.'

तिने फोनचा दिवा लावून आत डोकावून पाहिलं. भोक बरंच खोल गेलं होतं. आणि कमरेपासून जरा खाली गेल्यावर एकाची दोन झाली होती. सरळ, शेजारी शेजारी, पायजम्याच्या पायांसारखी.

आत्या थोडा वेळ तशीच वाकून उभी राहिली. मग तिने दिवा बंद केला. दोन बुडबुडे. एकावर एक. होतं असं.

"झालं का भोक?" ओट्यावरून भिंगरीने विचारलं.

"झालं," आत्या म्हणाली.

३

दुपारी तिने सजावट घेतली. वेगळे भाजलेले खालचे थर रचले, त्यांच्यावर जॅम लावून झग्याचा घुमट बसवला. बाईसाहेबांना कमरेपासून खाली पातळ प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलं आणि भोकात ठेवलं. बूड नसलेली बाहुली, थोडी तरी डुगडुगेल, मग आजूबाजूला क्रीम भरून तिला ताठ करायचं असा तिचा बेत होता.

बाहुली डुगडुगली नाही. चपलेत पाय सरकावा तशी ती आत सरकली आणि बसली. आत्याने खांद्याला बोट लावून जरा ढकलून पाहिलं. ढिम्म हलली नाही.

"शहाण्या आहात हो बाईसाहेब," आत्या म्हणाली. काम सोपं झालं म्हणून खूश व्हायचं का नाही, हे तिला ठरवता येईना.

क्रीममध्ये थोडा गुलाबी रंग कालवला, पिशवीत भरला, पिशवीचा कोपरा कातरला आणि खालून झालरी घालायला सुरुवात केली. एक झालर, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. पहिली ओळ वेडीवाकडी आली. तिसऱ्या-चौथ्या फेरीला हात बसला. हळूहळू झगा भरत गेला. खरंच देखणा होत होता. आत्याला वाटलं, वहिनीला फोटो पाठवायला हवा.

बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की स्वयंपाकघर फार शांत आहे.

भिंगरी ओट्यावर नव्हती. खाली भिंतीला टेकून फरशीवर बसली होती, पाय समोर पसरून, चमचा हातात तसाच.

"काय गं, दमलीस? आजच्या दिवशी?"

"पायाला मुंग्या आल्यात."

"मग ऊठ, जरा नाच. जातील."

"नको. त्यांची सवय व्हायला हवी ना आधी," भिंगरी म्हणाली आणि केककडे बघून हसली. तिचं हसू इतकं प्रेमाचं होतं की आत्यालाही हसू आलं. वरची शेवटची झालर घालताना मात्र तिला सारखं वाटत राहिलं की ताटाजवळचा तिचा हात गरम होतोय. तिने तळवा केकच्या बाजूला धरला. केक कधीचाच गार झाला होता, नाहीतर क्रीम वितळलं असतं. तरी आतून ऊब येत होती. झोपलेल्या मुलाच्या पांघरुणातून यावी तेवढीच.

तिने केक उचलून फ्रिजमध्ये अगदी मागे सरकवला आणि दार लावलं.

४

आत्या भांडी घासत होती तेव्हा आवाज सुरू झाला. टक. मग थोडं थांबून, टक टक.

तिने नळ बंद केला. फ्रिजमधून येत होता. 'मोटर जुनी झाली,' तिने स्वतःला सांगितलं. फ्रिजला हात लावला. मोटर चालू नव्हती. टक टक, टक. काचेच्या ताटावर कुणीतरी टाच टेकवून बघावी, मग चवडा, मग पुन्हा टाच.

"बाळ्या," तिने हाक मारली, "फ्रिज आवाज करतोय रे."

"दहा वर्षं करतोय," बाहेरून उत्तर आलं. तो फुगे फुगवत होता, त्यामुळे अर्धं उत्तर फुग्यात गेलं.

ती हात पुसत बाहेरच्या खोलीत आली. बाळ्याने लेकीला उचलून सोफ्यावर बसवलं होतं. नवा फ्रॉक घातला होता, केस विंचरले होते. भिंगरीचे पाय सोफ्याच्या कडेवरून खाली लोंबत होते, आणि तेवढंच आत्याला खटकलं. ते लोंबत होते. हलत नव्हते. ही पोरगी झोपेतसुद्धा पाय झाडायची.

"मघापासून मला उचलूनच फिरवायला लावतेय," बाळ्या म्हणाला. "क्रीम चाटून चाटून सुस्तावलीय. दुसरं काही नाही."

आत्या खाली बसली आणि भिंगरीचं एक पाऊल तिने मांडीवर घेतलं. या पोरीला तळव्याला नुसतं बोट दाखवलं तरी ती किंचाळायची. आत्याने तळव्यावरून नख फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं.

"गुदगुल्या होत नाहीत का गं?"

"त्यांना होत असतील," भिंगरी म्हणाली.

पाऊल गार होतं. अंगठ्याचं नख दाबलं की खाली पांढरं होतं आणि सोडल्यावर लगेच गुलाबी व्हायला हवं. आत्याने दाबलं आणि सोडलं, तर ते पांढरंच राहिलं. कातडी गुळगुळीत, जरा चकचकीत. टाचेवरची चिकटपट्टी कुठेतरी पडली होती. आणि तिथे सकाळची जखमही नव्हती.

इतकी वर्षं माणसांचे हातपाय बघण्यात गेलेली आत्या. तिने दुसऱ्या पायाचा अंगठाही दाबून पाहिला, तोही पांढराच. रक्त पोचत नाहीये, एवढंच साधं कारण तिला सापडलं, आणि ते कारणच भयंकर होतं.

"बाळ्या, फुगे ठेव खाली. हिला आत्ता दवाखान्यात न्यायचं."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि एकही प्रश्न न विचारता गाडीची किल्ली शोधायला उठला. "पाहुणे येतील एवढ्यात," तो कपाटात हात घालत नुसतंच म्हणाला.

"येऊ देत. मी पर्स आणते."

पर्स स्वयंपाकघरात होती.

५

फ्रिजचं दार किंचित उघडं होतं. फटीतून उजेडाची पट्टी फरशीवर पडली होती.

आत्याने दार ओढलं. मागे ठेवलेला केक आता फळीच्या अगदी पुढच्या कडेला आला होता. बाईसाहेब दाराकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांची भुवई नेहमीसारखीच वर होती, पण त्या आता उंच दिसत होत्या. कमरेशी आत्याने घातलेली क्रीमची कड मांडीपर्यंत घसरल्यासारखी झाली होती. केक खचला नव्हता, बाहुलीच वर आली होती.

आणि खालची झालर एका जागी उचललेली होती. चिखलातून चालताना झग्याचा घोळ चिमटीत धरावा तशी.

आत्या गुडघे टेकून खाली बसली. 'बघायचं नाही,' असं तिला वाटलं, आणि तिने पाहिलं.

झालरीखाली एक टाच होती. कडधान्याच्या दाण्याएवढी. गुलाबी, ओलसर, जिवंत. तिच्यावर चिकटपट्टी होती आणि पट्टीवर बारीक चंद्र.

टाच हलली. आत्याच्या श्वासाच्या वाऱ्याने गुदगुल्या झाल्यासारखी चटकन झालरीच्या आत गेली.

आत्याने दोन्ही हातांनी बाईसाहेबांना खांद्यांशी धरलं आणि ओढलं. बाहुली आली नाही. मूळ धरलेलं रोप उपटताना लागावा तसा जोर लागला. तिने आणखी ओढलं, आणि बाहेरच्या खोलीतून भिंगरीची किंकाळी आली.

"आत्या, दुखतंय! ओढू नको! दुखतंय मला!"

आत्याने हात सोडले. बाहेर बाळ्या "काय झालं, कुठे दुखतंय राजा?" करत धावला. आत्या फ्रिजसमोर तशीच बसून राहिली. गार हवा तोंडावर येत होती. तिच्या मनात एकामागून एक साधी कारणं आली आणि तिने एकालाही हात लावला नाही. एवढं मात्र तिला कळत होतं की ओढून हे काम होणार नाही. मुलांच्या हातातली वस्तू हिसकावून घेतली की मुलं ती आणखी घट्ट धरतात. दुसरं काहीतरी पुढे करावं लागतं.

"बाईसाहेब," ती हळूच म्हणाली. आवाज तिने गोड ठेवला. "तिचे परत द्या. ती लहान आहे हो. तिला आज पळायचंय. माझे घ्या. मेणबत्ती विझेपर्यंत. मग मात्र माझे मला द्यायचे."

फ्रिजची मोटर सुरू झाली. झालर खाली पडली आणि जागच्या जागी बसली.

बाहेर काहीतरी धप्पकन आपटलं. मग पावलं, भरधाव, सोफ्यापासून दारापर्यंत आणि परत, आणि बाळ्याचा अर्धा हसरा, अर्धा रडवेला आवाज. "अगं, हळू! ताई, बघ हिला! बरी आहे ही! नाटकं करत होती की काय!"

आत्याला उठून जावंसं वाटलं. तिने हात टेकले. कमरेखाली तिला काहीच लागेना. फरशीचा गारवासुद्धा नाही.

"बाळ्या," तिने शक्य तितक्या सहज हाक मारली. "एक खुर्ची आण रे इकडे. माझे पाय झोपलेत."

६

पाहुणे फार नव्हते. शेजारीण आणि तिची दोन मुलं, भिंगरीच्या वर्गातल्या काही मैत्रिणी. आत्याला बाळ्याने खुर्चीसकट उचलून टेबलाशी आणून ठेवलं होतं. "दिवसभर उभी होती, दुसरं काय," असं तो सगळ्यांना सांगत होता, आणि मधूनच तिच्याकडे काळजीने बघत होता. तिने मांडीवर शाल पसरून घेतली होती. शालीखाली आपल्या पोटऱ्यांना हात लावायची तिची हिंमत झाली नव्हती. एकदाच चुकून लागला होता. गुळगुळीत होत्या.

भिंगरी मात्र भिंगरीसारखी फिरत होती. येता-जाता आत्याच्या गळ्यात पडत होती, आणि एकदा कानाशी येऊन म्हणाली, "तू किती चांगली आहेस गं."

केक आणला तेव्हा सगळी पोरं 'ओऽऽ' करून ओरडली. "भांड्याशिवाय केलात?" शेजारणीने विचारलं. "काय हात आहे हो तुमचा!" आत्या हसली. बाईसाहेब तिच्याकडेच बघत होत्या.

मेणबत्ती पेटली, गाणं झालं. भिंगरीने गाल फुगवले आणि फुंकर मारली. धुराची रेघ वर गेली. आत्या पायांची वाट बघू लागली.

पाय आले नाहीत.

"चला, आता काप!" बाळ्याने लेकीच्या हातात सुरी दिली आणि तिच्यावर आपला हात ठेवला. "बाहुलीच्या मागून, मधोमध, पार खालपर्यंत. एका दमात."

"बाळ्या, मधे नको," आत्या म्हणाली. टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

सुरी झग्याच्या माथ्यावर टेकली आणि आत शिरली. आत्याच्या डाव्या नडगीवर एक थंडगार रेघ उमटली. इतका वेळ काहीच लागत नव्हतं, आणि आता तेवढी ती रेघ लागत होती. बारीक, सरळ, हळूहळू खाली सरकणारी.

"बाळ्या!" ती अशी ओरडली की एका मुलीच्या हातातला फुगा सुटला. "कडेने काप! मधे नाही! कडेने!"

बाळ्याचा हात थबकला. "अगं, हो. एवढं काय?" तो सगळ्यांकडे बघून ओशाळं हसला. "बाहुलीखालच्या आधाराच्या काठीला लागली वाटतं सुरी. काहीतरी टणक आहे आत." त्याने सुरी बाहेर घेतली आणि बाजूने एक मोठा तुकडा कापून काढला.

तुकडा निघाला ती बाजू आत्याकडे होती. झग्याच्या पोटात, बदामी पोकळीत, उजेड पडला. तिथे दोन पावलं होती. एवढीशी. पण मुलाची नव्हेत. टाचांना भेगा, अंगठ्याजवळ हाड वाढलेलं, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. आत्या ती पावलं रोज रात्री तेल लावताना बघायची. ती चवड्यांवर उभी होती, आणि अगदी हळू, शिकाऊपणे, ताल धरत होती.

भिंगरीनेही पाहिलं. ती वाकली आणि बाहुलीच्या कानाशी तोंड नेऊन पुटपुटली, "बाईसाहेब, पुरे आता. आत्याला हवेत." मग तिने बाहुलीला वरून धरलं आणि उचललं. बाहुली सहज आली. खाली कमरेशी गुंडाळलेला क्रीमने बरबटलेला प्लॅस्टिकचा कागद, बाकी काही नाही. केकच्या पोटात नुसता चुरा पडला होता.

आत्याच्या टाचांत मुंग्या यायला लागल्या. मग तळव्यांत, मग पोटऱ्यांत, आग आग झाली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारीण म्हणाली, "बघा, भाचीच्या कौतुकाने रडू आलं त्यांना." सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

७

संध्याकाळी सगळे गेले. वहिनीचा फोन येऊन गेला. आजीने आज थोडं खाल्लं होतं. केकचा फोटो बघून ती म्हणाली, "ताई, तुम्ही तर माझी सुट्टीच केलीत." आत्याने तिला बाकीचं काही सांगितलं नाही. काय सांगणार?

ती स्वयंपाकघरात भांडं घासत उभी होती. आपल्या दोन्ही पायांवर. डाव्या नडगीवर एक बारीक लाल रेघ होती आणि ती धुतली तेव्हा तिला लोण्याचा वास आला होता. पण पाय तिचे होते, दुखतही तिचेच होते. खिडकीबाहेर अजून उजेड होता. साधं, रोजचं घर होतं. ओट्यावर भिंगरी बसून उरलेली झालर बोटाने खात होती, आणि टाचा खालच्या कपाटावर आपटत होती. तो आवाज आत्याला कुठल्याही गाण्याहून गोड वाटत होता.

"बाबा कुठायत गं?"

"आडवे झालेत सोफ्यावर. घोरतायत."

"दमला बिचारा. आणि बाईसाहेब?"

"बाबांच्या पोटावर."

आत्याचा हात भांड्यावर थांबला. मग तिने तो पुन्हा चालवला. "काही म्हणाल्या का त्या? केक आवडला का?"

"आवडला. पण तुझे पाय नाही आवडले." भिंगरीने बोट चाटलं. "गुडघे दुखतात म्हणाल्या. नाचता येत नाही नीट."

आत्याला हसू फुटलं. दिवसभराचं सगळं त्या हसण्यात बाहेर आलं. तिने ओला हात तसाच पोरीच्या गालावर ठेवला. "खरंय बाई त्यांचं. मग नाचायचे पाय कुणाचे असतात, विचार त्यांना."

बाहेरच्या खोलीत काहीतरी जमिनीवर आलं. धप्प. कपाटातल्या कपबश्या किणकिणल्या. मग पुन्हा, धप्प, धप्प. पावलं होती. जड, मोठ्या माणसाची. पण पडत होती ती लहान मुलीसारखी, उड्या मारत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, मधेच एक गिरकी.

"उठला वाटतं बाबा," आत्या म्हणाली. तिचं तिलाच ते खरं वाटेना, कारण घोरणं अजून ऐकू येत होतं. सोफ्यावरूनच. एका जागेवरून.

भिंगरी हळूच म्हणाली, "मी बाबांना विचारलं होतं. झोपेत 'हो' म्हणाले."

घोरणं थांबलं. "ताई," बाळ्याचा झोपाळू, गोंधळलेला आवाज आला. "ताई, जरा इकडे येतेस का? मला उठताच येत नाहीये."

पावलं थबकली. जणू आता कुणीतरी रागावेल आणि आपला खेळ बंद होईल, अशी दाराच्या पडद्यापलीकडे चोरासारखी उभी राहिली. पडद्याखालच्या फटीत काहीतरी दिसत होतं. आत्याने नजर तिकडे नेली नाही. तिने भांडं पालथं घातलं, हात पुसले, आणि ओट्यावरून भिंगरीला उचलून कडेवर घट्ट धरलं. तिचा आवाज निघाला तो मात्र कुणाही लेकराला घालावी तशा हाकेचा होता.

"हळू हं, बाईसाहेब. पडाल."

पडद्यापलीकडे, फार सांभाळून, एक पाऊल पुढे पडलं.